थीब्जची ओळख सहा ओळींत उरकू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत प्राचीन ग्रीसमधल्या शहरांवर जी लेखमाला चालू आहे, ती मी पहिल्या भागापासून वाचते. भाषा सोपी आहे, चित्रं चांगली आहेत, आमच्या इमारतीतली शाळकरी मुलंही वाचतात, हे पाहून बरं वाटतं. अथेन्स आणि स्पार्टाला पान-पानभर जागा मिळाली ती योग्यच. पण मागच्या रविवारी थीब्जचा नंबर लागला तो ‘इतर शहरं’ या चौकटीत, सहा ओळींत. राजा ईडिपसची शापित नगरी, इराणच्या बाजूने लढलेली, शेवटी अलेक्झांडरने जमीनदोस्त केलेली. संपलं थीब्ज.

त्या सहा ओळींतली एकही ओळ चुकीची नाही. तरीही वाचून फार वाईट वाटलं, म्हणून हे पत्र. थीब्जची जी ओळख आज जगभर चालते, ती थीब्जच्या माणसांनी करून दिलेली नाही. ती करून दिली अथेन्सच्या नाटककारांनी आणि स्पार्टाच्या स्नेह्यांनी. ज्यांच्याशी थीब्जचं पिढ्यान्‌पिढ्या वैर होतं, त्यांनी. अडीच हजार वर्षं उलटली तरी आपण त्यांचीच साक्ष ग्राह्य धरतो आणि थीब्जला बोलूच देत नाही, हे मला पटत नाही.

मी परळला एका रात्रशाळेत बरीच वर्षं इतिहास शिकवला. अभ्यासक्रमात ग्रीसला जेमतेम जागा. पण दिवसभर काम करून आलेल्या मुलांचे डोळे मिटायला लागले की लढाईची गोष्ट काढावी लागते, आणि ती मी काढत असे. त्यासाठी फोर्टात टाउन हॉलच्या उंच पायऱ्या चढून एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात बसायचे. प्लुटार्क, पॉसेनियस, हिरोडोटस या जुन्या ग्रीक लेखकांची भाषांतरं वाचायची आणि वहीत उतरवून घ्यायची. थीब्ज मला तिथे भेटलं, आणि मग ते काही सुटलं नाही.

आधी पुराणकथा, कारण थीब्जवर ठपका बसतो तो तिथूनच. हे शहर अथेन्सच्या वायव्येला, बिओशिया नावाच्या सुपीक प्रांतात. (इजिप्तमधलं थीब्ज वेगळं.) त्याचा संस्थापक कॅडमस हा ग्रीक नव्हेच, फिनिशियाचा राजपुत्र. झ्यूसने बैलाचं रूप घेऊन त्याच्या बहिणीला, युरोपाला, पळवून नेलं. बापाने मुलाला तिच्या शोधात धाडलं. बहीण काही सापडेना, तेव्हा तो डेल्फीला कौल लावायला गेला. कौल मिळाला : बहिणीचा शोध सोड, एक गाय दिसेल तिच्या मागोमाग चालत जा आणि ती जिथे बसेल तिथे नगर वसव. गाय बिओशियात येऊन बसली. पाणी आणायला गेलेल्या सोबत्यांना झऱ्यावरच्या सर्पाने मारलं, कॅडमसने त्या सर्पाला मारलं आणि अथीनाच्या सांगण्यावरून त्याचे दात जमिनीत पेरले. पेरलेल्या दातांतून चिलखत घातलेली माणसं उगवली. कॅडमसने त्यांच्यात एक दगड भिरकावला, तशी ती आपापसातच लढू लागली. शेवटी पाच उरले. त्या पाचांना हाताशी धरून कॅडमसने गढी बांधली. तिचं नाव कॅडमिया. पुढे थीब्जमधली मातब्बर घराणी आपला वंश त्या पाच जणांपर्यंत नेऊन भिडवत.

कॅडमस पूर्वेकडून आला, या कथेत काही तथ्य असेल का? मला वाटतं, आठवण तरी खरी असावी. 1963 साली आजच्या थीब्ज गावात, कॅडमियावरच्या जुन्या राजवाड्याच्या उत्खननात, लाजवर्दी दगडाच्या दंडगोल मुद्रा सापडल्या. लाजवर्द येतो अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या डोंगरातून. त्यातल्या कित्येक मुद्रांवरचं कोरीव काम बॅबिलोनियाचं, काहींवर कीलाक्षरी लेख. इसवी सनापूर्वी तेराशे-चौदाशे वर्षांचा तो काळ. बोटाच्या पेराएवढ्या त्या निळ्या मुद्रांची छायाचित्रं मी भिंगाखाली पाहिली आहेत. दाढीवाले देव, शिंगवाले पशू, मधल्या मोकळ्या जागेत बारीक अक्षरं. बदख्शानपासून बॅबिलोन आणि तिथून समुद्र ओलांडून थीब्ज, एवढा प्रवास त्या दगडांनी केला. हिरोडोटस सांगतो की ग्रीकांना लिपी मिळाली ती कॅडमसबरोबर आलेल्या फिनिशियन लोकांकडून. कॅडमसचं सोडा, पण ग्रीक अक्षरं फिनिशियन अक्षरांपासून आली हे आज सगळेच मान्य करतात. तेव्हा थीब्जची मूळ कथा शापाची नाही. परक्या मुलखातून आलेल्या एका माणसाची आणि त्याच्याबरोबर आलेल्या अक्षरांची ती कथा आहे.

थीब्जची दुसरी एक कथा मला त्याहून प्रिय आहे. अँफिऑन आणि झेथस हे जुळे भाऊ शहराची तटबंदी बांधायला निघाले. झेथसने अंगाच्या बळावर धोंडे वाहून आणले. अँफिऑनने वीणा छेडली आणि तिच्या सुरांवर दगड आपण होऊन सरकत जागेवर बसले. सात वेशींचं थीब्ज असं उभं राहिलं. ही कथा वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे तिचं काम आहे.

आता ईडिपस. बापाचा वध, आईशी लग्न, स्वतःच्या हाताने फोडलेले डोळे. मराठी रंगभूमीला ही कथा नवी नाही. त्याची मुलगी अँटिगनीही नवी नाही. एकांकिका स्पर्धांत मुली पोटतिडकीने तिची भूमिका करतात आणि करायलाच हवी. पण ही नाटकं कुठे लिहिली गेली? अथेन्समध्ये. कुणासमोर झाली? अथेन्सच्या डायोनायससच्या उत्सवात, अथेन्सच्या नागरिकांसमोर. सॉफोक्लीजची सात नाटकं आज पूर्ण उपलब्ध आहेत, त्यांतली तीन थीब्जच्या राजघराण्यावर आहेत. इस्किलसचं ‘थीब्जविरुद्ध सात’ इ. स. पू. 467 मधलं. युरिपिडीजने तर थीब्जच्या राजाला त्याच्या आईच्याच हातून फाडून काढलं. बापाला मारणं, भावाने भावाला मारणं, प्रेताला माती न देणं, जे जे भयंकर आहे ते थीब्जमध्ये घडतं. आणि आंधळ्या, वणवण फिरणाऱ्या ईडिपसला शेवटी आसरा कुठे मिळतो? अथेन्सच्या हद्दीत, कोलोनसला. आसरा देणारा राजा कोण? अथेन्सचा थीसियस. ‘अर्जदार स्त्रिया’ नावाच्या नाटकात थीब्जने अडवून ठेवलेली प्रेतं सोडवून आणणारा पुन्हा थीसियसच. सॉफोक्लीज मोठाच. ईडिपसचं नाटक वाचताना माझ्या अंगावर आजही काटा येतो. पण आपल्या शहराला आरशात पाहायची हिंमत होत नसली की माणसं शेजारचं शहर रंगमंचावर उभं करतात, आणि अथेन्सकरांनी तेच केलं.

जुनी कथा अशी नव्हतीच. होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्याच्या अकराव्या सर्गात ईडिपसची आई सत्य कळल्यावर गळफास घेते, पण ईडिपस थीब्जमध्येच राहतो, दुःख भोगत राज्य करतो. डोळे फोडल्याचा तिथे उल्लेख नाही, हद्दपारीचाही नाही. ‘इलियड’मध्ये तर थीब्जला ईडिपसच्या अंत्यविधीचे खेळ भरल्याचा उल्लेख येतो. म्हणजे होमरच्या परंपरेत थीब्जने आपल्या राजाला बाहेर काढलं नाही. त्याचं पाप पोटात घालून त्याला शेवटपर्यंत राजाचा मान दिला. मला विचाराल तर हे थीब्ज नाटकातल्या थीब्जपेक्षा जास्त माणुसकीचं आहे.

इतिहासातला डाग मी झाकणार नाही. इ. स. पू. 479 मध्ये प्लाटियाच्या रणात थीब्ज इराण्यांच्या बाजूने ग्रीकांशी लढलं, हे खरंच आहे. इ. स. पू. 431 मध्ये रात्रीच्या वेळी प्लाटिया गावावर घाला घालून अथेन्स-स्पार्टामधल्या पेलोपोनेशियन युद्धाची पहिली ठिणगी टाकली तीही थीब्जनेच. ऑर्कोमेनस या शेजारच्या गावाचा त्यांनी इ. स. पू. 364 मध्ये नायनाट केला, पुरुष मारले, बायकामुलं विकली. हे कुणी समर्थन करावं असं नाही. पण अथेन्सनेही मीलॉस बेटावर अगदी असंच केलं होतं, आणि तरी आपल्या पुरवणीत अथेन्सला कुणी शापित म्हटलं नाही.

डाग सांगायचा तर उजळ बाजूही सांगावी. इ. स. पू. 404 मध्ये अथेन्स त्या युद्धात स्पार्टाकडून हरलं तेव्हा ते शहरच पुसून टाका असा आग्रह धरणाऱ्यांत थीब्ज पुढे होतं. स्पार्टाने ते ऐकलं नाही, अथेन्समध्ये तीस जुलमी माणसांची राजवट बसवली आणि लोकशाहीवाले जीव मुठीत घेऊन पळाले. स्पार्टाचं फर्मान निघालं की पळालेल्यांना धरून परत पाठवा. आणि ज्या थीब्जने काल अथेन्स पुसायची भाषा केली होती, त्याच थीब्जने आज ठराव केला, तो प्लुटार्कने नोंदवून ठेवला आहे : बिओशियातलं प्रत्येक घर, प्रत्येक गाव गरजू अथेन्सकराला उघडं राहील. कुणी निर्वासिताला ओढून नेत असेल आणि कुणी मदत केली नाही, तर मदत न करणाऱ्याला दंड. आणि अथेन्सच्या जुलमी राजवटीविरुद्ध कुणी शस्त्रं घेऊन बिओशियातून चालला असेल, तर थीब्जच्या माणसाने ते पाहायचं नाही आणि ऐकायचंही नाही. पळून आलेल्या अथेन्सकरांचा पुढारी थ्रासिब्युलस मूठभर माणसं घेऊन थीब्जहूनच निघाला आणि त्याने अथेन्सची लोकशाही परत आणली. जगाला लोकशाही शिकवणारं शहर म्हणून आपण अथेन्सला दोन रविवार दिले. ती लोकशाही मेली होती तेव्हा तिला घरात लपवून ठेवणारं हे शहर, त्याला आपण सहा ओळी दिल्या.

पुढे स्पार्टाने थीब्जलाच गिळलं. इ. स. पू. 382 मध्ये, भर शांततेच्या काळात, स्पार्टाचा सेनापती फीबिडस याने कॅडमिया बळकावली. दिवस बायकांच्या सणाचा होता, गढीवर फक्त बायका होत्या. तीन वर्षं स्पार्टाची शिबंदी गावाच्या डोक्यावर बसली होती. मग इ. स. पू. 379 च्या हिवाळ्यात हद्दपार झालेले बारा तरुण शिकाऱ्याच्या वेषात, कुत्री आणि जाळी घेऊन, वेगवेगळ्या वाटांनी गावात शिरले. त्यांतला एक पेलोपिडस. त्या रात्री स्पार्टाच्या पाठिंब्यावर राज्य करणारा आर्कियस मेजवानीत दारू पिऊन बसला होता. त्याच्या हातात अथेन्सहून आलेलं एक पत्र दिलं गेलं, त्यात कटाची सगळी हकिकत लिहिलेली. पत्र आणणारा म्हणाला, ताबडतोब वाचा, काम गंभीर आहे. आर्कियस म्हणाला, गंभीर कामं उद्या, आणि पत्र उशीखाली सारून त्याने पेला उचलला. थोड्याच वेळात बायकांचे पोशाख घालून, डोक्यावर हिरव्या फांद्यांचे गजरे बांधून कटवाले आत आले. थीब्ज मोकळं झालं. माझ्या वर्गात ही गोष्ट सांगताना कुणीही कधी डोळा मिटला नाही.

आणि मग इ. स. पू. 371, ल्युक्ट्रा. ही लढाई मी नेहमी फळ्यावर काढून दाखवत असे. त्या काळच्या रीतीनुसार प्रत्येक सेना आपली ताकद उजव्या बगलेला ठेवायची, कारण तो मानाचा भाग. स्पार्टाच्या रांगा बारा माणसं खोल होत्या. थीब्जचा सेनापती एपामिनोंडस याने आपली ताकद डाव्या बगलेला गोळा केली, स्पार्टाच्या राजासमोर, आणि रांग केली पन्नास माणसं खोल. बाकीची सेना तिरकी, मागे रेंगाळत ठेवली. मी डस्टरने बारा रेघांची स्पार्टाची बाजू पुसत न्यायचे तेव्हा मुलं बाकावर उभी राहायची. स्पार्टाचा राजा क्लिओम्ब्रोटस पडला. स्पार्टाचे अस्सल नागरिक असे सातशे सैनिक रणात होते, त्यांतले चारशे मारले गेले. जमिनीवर स्पार्टाला कुणी हरवू शकत नाही, ही समजूत त्या एका दुपारी संपली. थीब्जच्या त्या डाव्या बगलेत तीनशे निवडक वीरांचं पथक होतं, दीडशे प्रेमी जोड्यांचं. त्यांचा भरवसा असा, की आपल्या जिवलगासमोर कुणी पाठ दाखवणार नाही. हेही मी वर्गात सांगितलं, आवाज न चोरता, आणि मुलांनी ते तितक्याच सरळपणे ऐकून घेतलं.

लढाया पुष्कळ शहरांनी जिंकल्या आहेत. थीब्जने जिंकल्यावर जे केलं, त्याच्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे. इ. स. पू. 370 च्या हिवाळ्यात एपामिनोंडस स्पार्टाच्या मुलखात शिरला. तिथून तो पश्चिमेला मेसिनिया प्रांतात गेला. हा अख्खा प्रांत स्पार्टाने जिंकून तिथल्या लोकांना हेलॉट केलं होतं, म्हणजे आपल्याच जमिनीवर राबणारे, उत्पन्न मालकाला देणारे, पिढीजात बांधलेले गुलाम. हे सुमारे तीनशे वर्षं चाललं होतं. स्पार्टाच्या ज्या शिस्तीचं आणि शौर्याचं आपण कौतुक करतो, त्या शौर्याला दोन वेळचं जेवण हेलॉट घालत होते. स्पार्टाचे पुरुष आयुष्यभर लष्करी कवायत करू शकले, कारण त्यांची शेतं दुसरं कुणीतरी कसत होतं. लेखमालेत स्पार्टाच्या भागात हेलॉटांवर एक वाक्य होतं. त्यांना सोडवलं कुणी, हे नव्हतं.

सोडवलं थीब्जने. इ. स. पू. 369 मध्ये इथोमी डोंगराच्या पायथ्याशी एपामिनोंडसने त्यांना मेसिनी हे शहर वसवून दिलं. सिसिलीत, इटलीत, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पांगलेल्या मेसिनियनांच्या वंशजांना निरोप गेले की घरी या, आणि ते आले. पॉसेनियसने मुहूर्ताच्या दिवसाचं वर्णन केलं आहे. आधी देवांना बळी दिले, मग जुन्या वीरपुरुषांना नाव घेऊन घेऊन हाका मारल्या, की परत या आणि आमच्यात राहा. मग तटाचं आणि घरांचं बांधकाम सुरू झालं, आणि ते चाललं बिओशियाच्या आणि आर्गॉसच्या बासऱ्यांच्या सुरांवर. थीब्जच्या पुराणात अँफिऑनने सुरांवर तट उभा केला होता. इथे थीब्जची माणसं खरोखरच सुरांवर तट उभा करत होती, आणि तोही स्वतःसाठी नाही, कालपर्यंत गुलाम असलेल्या लोकांसाठी. मेसिनीचा तो तट आजही मोठ्या भागात उभा आहे. आर्केडियन वेशीतून अजून माणसं जा-ये करतात.

पहिल्यांदा मी हे वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावर एक मुलगा बसायचा. दिवसभर दादरच्या फूलबाजारात हमाली करून यायचा. त्याने विचारलं, “बाई, आपलं गाव नसताना त्यांनी हे का केलं?” स्पार्टाचं कंबरडं मोडायचं हा हेतू होताच, हे मी त्याला सांगितलं. राजकारणात निव्वळ परोपकार शोधू नये. पण स्पार्टाला मोडायला मेसिनी जाळूनही भागलं असतं. तसं न करता त्यांनी शहर बांधलं.

आणि एवढी मोठी गोष्ट इतिहासात ठळक का नाही? कारण त्या काळाचा जो इतिहास आपल्यापर्यंत सलग पोचला, तो झेनोफनने लिहिलेला. झेनोफन अथेन्सचा, पण स्पार्टाच्या राजाचा, अगेसिलॉसचा, जवळचा स्नेही. त्याने ल्युक्ट्राचं वर्णन केलं, पण त्यात एपामिनोंडसचं नावच घेतलं नाही. मेसिनीची स्थापना त्याने सांगितलीच नाही. प्लुटार्कने एपामिनोंडसचं चरित्र लिहिलं होतं, तो स्वतः बिओशियाचाच, केरोनियाचा. नेमकं ते चरित्र काळाच्या ओघात हरवलं. पेलोपिडसचं तेवढं राहिलं. थीब्जचा पक्ष असा दोनदा बुडाला, एकदा लिहिणाऱ्याच्या मनात आणि एकदा नकलाकारांच्या हातून.

माझं बोलणं ऐकून आमच्या वर्गातली एक मुलगी, लोअर परळला शिवणकामाला जाणारी, म्हणाली होती, “आपल्याबद्दल पण असंच लिहितात की.” ती बरोबर बोलली. 1982 च्या संपानंतर गिरणगावाबद्दल जेवढं छापून आलं, त्यात संप होता, टोळ्या होत्या, बंद गिरण्यांची कुलपं होती. चाळीच्या खोल्यांत चालणारी वाचनालयं, भजनी मंडळं, कामगारांची नाटकं, शाहिरांचे कलगीतुरे, रात्रशाळेत शिकून बँकेत लागलेली पोरं, ही फारशी कुठे दिसली नाहीत. माझे वडील साचेखात्यात होते, आई वायंडिंगला. आमच्या वस्तीची ओळख बाहेरच्यांनी एका शब्दात करून दिली की काय वाटतं, ते मला ठाऊक आहे.

एपामिनोंडस मँटिनियाच्या लढाईत इ. स. पू. 362 मध्ये पडला. त्याच्यामागे थीब्जचा जोर ओसरला. इ. स. पू. 338 मध्ये केरोनियाच्या रणात मॅसिडोनियाच्या फिलिपने थीब्ज आणि अथेन्स दोघांनाही हरवलं. या वेळी ते खांद्याला खांदा लावून लढले होते. तीनशेंचं ते पथक जागचं हललं नाही. केरोनियाला एक भलामोठा दगडी सिंह आहे. त्याच्या भोवतालच्या कुंपणात एकोणिसाव्या शतकात खोदलं तेव्हा 254 सांगाडे रांगांमध्ये निजवलेले सापडले. ते त्याच पथकाचे असावेत असं बहुतेक अभ्यासक मानतात.

आपली लेखमाला आता अलेक्झांडरकडे वळणार, असं मागच्या अंकात छापलं आहे. इ. स. पू. 335 मध्ये थीब्जने त्याच्याविरुद्ध बंड केलं. सहा हजारांवर माणसं मारली गेली, तीस हजारांना गुलाम म्हणून विकलं. शहर पाडायचा निवाडा त्याने थीब्जवर डूख धरून असलेल्या शेजारी शहरांकडून वदवून घेतला. कवी पिंडारचं घर तेवढं शाबूत ठेवलं, ही गोष्ट अलेक्झांडरच्या रसिकतेचा पुरावा म्हणून सगळे सांगतात, आणि आपणही सांगाल. एक घर राखलं म्हणून बाकी घरांचं काय झालं हे विसरू नये, एवढीच विनंती. तिथे तिमोक्लिया नावाची एक बाई होती. थ्रेसच्या एका सरदाराने तिच्यावर बलात्कार केला आणि सोनं कुठे लपवलंय ते विचारलं. तिने त्याला बागेतल्या विहिरीशी नेलं. तो वाकून पाहू लागताच मागून ढकललं आणि वरून दगड टाकून त्याला संपवलं. तिला बांधून अलेक्झांडरसमोर आणलं तेव्हा, तू कोण, या प्रश्नावर तिने उत्तर दिलं : ग्रीकांच्या स्वातंत्र्यासाठी केरोनियाला जो लढला आणि पडला, त्या थिआजेनिसची मी बहीण. अलेक्झांडरने तिला मुलांसह सोडून दिलं. पिंडारच्या घराशेजारी तिमोक्लियाची ही विहीरही आपल्या लेखात यावी.

आणि थीब्ज तिथे संपलं नाही. वीस वर्षांच्या आतच मॅसिडोनियाच्या कॅसँडरने ते पुन्हा वसवलं. पडलेला तट उभारायला पुढे आले त्यांत अथेन्सकर होते. मेसिनीहूनही मदत आली. ज्यांना थीब्जने शहर दिलं, त्यांनी थीब्जला शहर परत दिलं.

मग मोठी झोप. पॉसेनियस आला तेव्हा वस्ती फक्त कॅडमियावर उरली होती. पण बाराव्या शतकात बायझंटाइन राज्यात थीब्ज रेशमी कापडाचं गाव म्हणून गाजलं. तुदेलाचा बेंजामिन नावाचा ज्यू प्रवासी तिथे आला होता. तो लिहितो की इथे दोन हजार ज्यू राहतात आणि रेशमी व जांभळं कापड करण्यात त्यांचा हात धरणारं ग्रीकांच्या देशात कुणी नाही. त्याच्या आधी, 1147 मध्ये, सिसिलीच्या दुसऱ्या रॉजरचं आरमार ग्रीसवर चालून आलं होतं. त्यांनी थीब्जमधून लुटीबरोबर विणकर नेले, बायाही नेल्या, आणि पॅलेर्मोला राजाच्या कारखान्यात विणायला बसवलं. त्या बायांपैकी एकीचंही नाव कुठे लिहून ठेवलेलं नाही. गिरणी कामगाराची मुलगी म्हणून मला त्या ईडिपसइतक्याच महत्त्वाच्या वाटतात.

आजचं थीब्ज हे साधं तालुक्याच्या गावासारखं गाव आहे. जुनं शहर त्याच्या घरांखालीच आहे. त्यामुळे उत्खनन सलग होत नाही, एखादं घर पाडलं आणि नवा पाया खणला की तेवढ्यापुरतं होतं. 1990 च्या दशकात तिथे पेलोपिडसच्याच नावाच्या रस्त्यावर खणताना मायसीनी काळातल्या, रेषीय ‘ब’ या ग्रीकांच्या फार जुन्या लिपीतल्या मातीच्या पाट्या निघाल्या. त्या पाट्यांवर हिशेब आहेत, कुणाला किती धान्य दिलं, किती दारू दिली. शाप नाही, राजा नाही. कामावर आलेल्या माणसांचा शिधा आहे. त्या आणि त्या निळ्या मुद्राही थीब्जच्या संग्रहालयात आहेत. 2016 मध्ये ते नव्याने खुलं झालं. आपल्या वाचकांपैकी कुणी ग्रीसला गेलं तर अथेन्सहून त्यांनी थीब्जला जरूर जावं.

माझी मागणी फार नाही. थीब्जला लेखमालेत एक स्वतंत्र भाग द्या आणि त्यात मेसिनीची हकिकत येऊ द्या. स्पार्टाचा भाग पुस्तकरूपाने निघाला तर हेलॉटांची सुटका त्यात घाला. आणि मुलांसाठी जी प्रश्नमंजूषा येते, तिच्यात या वेळी ‘शापित नगरी कोणती?’ असा प्रश्न होता. पुढच्या अंकात ‘मेसिनी शहर कुणी वसवलं?’ हा प्रश्न घ्यावा आणि उत्तर छापताना एपामिनोंडसच्या नावापुढे त्याचं गावही लिहावं.

आपली नम्र,
एक निवृत्त इतिहास-शिक्षिका
परळ, मुंबई